ढोलकी आणि कवडूचा पाय

"ढोलकीवर कवडूचा पाय हालला नाही, तं मी लुगडं नेसून भर मंडईत नाचतो!"

पानठेल्यावर दुलीचंदनं छाती ठोकली. सलूनवाल्या उदारामनं लगेच त्याच्या हातावर टाळी मारली. पैज लागली.

आग लावली होती पेपरनं. माणसाचा स्वभाव बापाच्या रक्तातून उतरतो, असं त्यात छापून आलं होतं. दुलीचंदला तेवढंच पाहिजे होतं. कारण ठेल्यासमोरच कवडू शिंप्याचं दुकान. कवडूचा बाप गावोगाव खेळ करणाऱ्या दंडारीत बाई होऊन नाचायचा. कवडू आईच्या पोटात असतानाच बाप दंडारीसोबत गेला, तो गेलाच.

"रक्त जाते कुठं?" दुलीचंद म्हणाला.

"काहीच्या काही!" उदाराम म्हणाला. "मामाच्या घरी वाढला तो. दिवसरात भजन. माणूस जिथं वाढते तिथला होते."

"काऊन बे, भजनात ढोलकी नसते का?"

ठेला खदखदून हसला. कवडूनं मशीनवरून मान वर केली नाही.

"मले तं कोणी इचारा," तो म्हणाला. मशीनच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

आज चिचगडची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. नाचगाणं होतं, तशा सोयरिकीही तिथंच जुळतात. शामकला नावाच्या मुलीचे वडील दुपारी कवडूला पाहायला येणार होते. नाच्याचा पोरगा म्हणून आधीची स्थळं दारातूनच परत गेली होती. कानावरचे केस पिकले, तरी तो एकट्यासाठीच भात शिजवत होता. आज स्वतःसाठी नवा शर्ट शिवत होता. कॉलर दोनदा उसवून झाली होती.

दुलीचंदनं दंडारीतला ढोलकीवाला पकडून आणला आणि दुकानाच्या दारातच बसवला.

"वाजव गा, दणकून!"

ढोलकी कडाडली. सगळा ठेला वाकून मशीनखाली पाहू लागला.

"हालला! हालला!" दुलीचंद ओरडला.

"अबे, मशीन चालवून राहिला तो!"

कवडूनं दोन्ही पाय पायडलवरून उचलले. स्टुलावर मांडी घातली, आणि हातानं चाक फिरवत कॉलर शिवून टाकली. ढोलकीवाल्याच्या हाताला कळ लागली, कवडूच्या पायाचं बोटसुद्धा हाललं नाही.

"दुली, लुगडं काढ गा वहिनीचं!" उदाराम म्हणाला.

दुपारी मंडईच्या मधोमध दुलीचंद नाचला. बायकोचं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पदराखाली मिशी. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, पोट्टे शिट्ट्या मारत होते.

पुढच्या रांगेत नवा शर्ट घालून कवडू उभा होता. शेजारी शामकलाचे वडील, त्यांच्या शेजारी उदाराम.

"पोरगा शांत दिसते," वडील उदारामला म्हणाले. "बापावर गेला नाही."

"अजिबात नाही," उदाराम म्हणाला.

दुलीचंद गिरकी घेत त्यांच्यासमोर आला, आणि त्याची नजर खाली गेली. कवडूनं चप्पल काढली होती. डाव्या टाचेखाली उजवा पाय दाबून धरला होता, सगळा भार टाकून. टाचेखालची बोटं पांढरी पडली होती. तरी ढोलकीच्या प्रत्येक थापेला ती उसळत होती.

दुलीचंद पैज जिंकला होता. ओरडायला त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात शामकलाचे वडील पानाची पिंक टाकायला कवडूच्या पायाशी वाकायला लागले.

दुलीचंदनं स्वतःच्याच निऱ्यांवर पाय दिला आणि धाडकन तोंडावर पडला. लुगडं सुटून एकीकडे, खालची चट्ट्यापट्ट्याची चड्डी उघडी. अख्ख्या मंडईत हशा फुटला. शामकलाचे वडील पिंक विसरले, पोट धरून हसत सुटले. हसून हसून ढोलकीवाल्याचेही हात थांबले.

एकटा कवडू हसला नाही. ढोलकी बंद पडली होती, तरी त्यानं पायावरचा पाय काढला नाही.