लंगडा रखवालदार

हेमराजनाना जुन्या कथा दुरुस्त करून पुन्हा पुस्तक काढणार होते. जळगावच्या टायपिंगच्या दुकानात भूमिकाशेजारी खुर्ची ओढून ते एकेक बदल सांगत होते, आणि ती मुकाट्याने करत होती. शेवटची कथा उघडली, तसे तिचे हात थांबले.

बावीस वर्षांपूर्वी फैजपूरकडे नानांच्या वडिलांची केळीची उभी बाग कोणीतरी कापून टाकली होती, त्यावरची ही कथा. कथेत ती लंगड्या रखवालदाराने कापली होती. दिवाळी अंकात कथा छापून आली आणि गावाला आयता गुन्हेगार सापडला, कारण त्या बागेवर खराच एक लंगडा रखवालदार होता, भाईदास. मरेपर्यंत त्याला कोणी पुन्हा कामावर घेणं तर सोडाच, दारातही उभं केलं नाही.

"ते रखवालदाराचं सगळं काढून टाक," नाना म्हणाले. "बाग मालकाच्या सख्ख्या भावाने कापली, असं कर."

भूमिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता का बदलताय, नाना?"

"अगं, खरं तेच आहे. आमच्या काकांचंच काम होतं ते! पण तेव्हा काका हयात होते. घरच्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतं का कोणी?" नाना हसले. "चल, कर टाइप."

भूमिकाने कीबोर्ड उचलून त्यांच्या पुढ्यात आदळला.



"तेव्हा माझा बापही जिवंत होता, नाना."