वाईट अक्षर

"काका, जरा वाईट अक्षरात लिहा ना," साहेब म्हणाले.

काकांनी मान वर केली. अर्जाच्या दोन प्रती बाद होऊन टेबलावर पडल्या होत्या, तिसरी समोर होती. एकतीस वर्षं ते या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. अक्षर वाईट काढा, असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"समितीचं पत्र वाचलंत ना? नकाशे राहिले बाजूला, अक्षराचंच कौतुक जास्त. आता तेच अक्षर या अर्जावर दिसलं की संपलंच! स्वयंपाक्याचं अक्षर असं असतं होय?"

भानगड अशी होती. साहेबांच्या चिरंजीवांना प्राचीन वास्तुकलेची शिष्यवृत्ती मिळाली होती. वर्षभर परदेशात राहायचं, जुन्या देवळांची मापं घ्यायची आणि दर महिन्याला हाताने काढलेला एक नकाशा समितीला धाडायचा. ज्या बारा नकाशांवर ती मिळाली, ते सगळे काकांनी काढले होते. चिरंजीवांनी फक्त खाली नाव घातलं होतं, आणि तेही काकांकडूनच लिहून घेतलं होतं.

मग दर महिन्याचा नकाशा कोण काढणार? म्हणून काकांनी सोबत जायचं. पोराचं पोट नाजूक आहे, त्याला घरच्या माणसाच्या हातचंच लागतं, असं साहेबांनी समितीला कळवून टाकलं. समितीतली माणसं बिचारी भली. स्वयंपाकी न्यायला त्यांनी परवानगी दिली. त्याने अर्ज स्वतःच्या हाताने भरावा, एवढीच त्यांची अट होती.

"काल समितीचा फोन आला होता," चिरंजीव फिरत्या खुर्चीत अर्धवट फिरत म्हणाले. "कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा जाड का दाखवलेत, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, सविस्तर कळवतो. चुकून झालेत का हो काका?"

"चुकून कसे होतील? कोपऱ्यातल्या खांबामागे नुसतं आभाळ असतं. त्या उजेडात तो बारीक दिसतो. म्हणून बांधणाऱ्यांनी तो मुळातच जाड केलाय."

"आयला! खरंच बारीक दिसतो?"

"पुस्तकात तसं लिहिलंय," काका म्हणाले. "मी कुठे पाहिलाय?"

पाहायचा होता, तिथेच तर गाडं अडलं होतं. नकाशातल्या, परदेशातल्या टेकडीवरच्या त्या देवळाची पायरीन् पायरी काकांना तोंडपाठ होती. कुठल्या खांबाला कुठे तडा आहे, हे ते झोपेतसुद्धा सांगू शकले असते. पण शिष्यवृत्तीला पदवी हवी आणि वय तिशीच्या आत. काकांकडे पदवी नव्हती, आणि तिशी उलटून जमाना झाला होता. स्वयंपाकी म्हणून जायचंय, हे घरी सांगितल्यावर बायको आधी पोट धरधरून हसली. "स्वयंपाकी? तुम्ही? समोर दूध उतू गेलं तरी तुम्हाला पत्ता नसतो!" मग डोळे पुसत म्हणाली, "पण जा. कागदावर काय वाटेल ते असू दे, डोळे तर तुमचेच ना?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, एक विचारू? या वर्षभरातल्या नकाशांवर, अगदी खाली, बारीक... रेखाटन म्हणून माझं नाव टाकलं तर?"

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर काकांना उठून जाता आलं असतं. ते खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, मग शिष्यवृत्तीच जाईल. हाही जाणार नाही आणि तुम्हीही नाही. मग बघा पुढची वीस वर्षं देऊळ, पुस्तकात. मला काय, मी तुमच्याचसाठी म्हणतोय."

आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. काकांना साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. त्यांनी पेन उचललं.

तिसरी प्रत त्यांनी घाईघाईने खरडली. अक्षरं तरीही फूटपट्टीला धरून बसल्यासारखी आली. चौथीत मुद्दाम तिरकी काढली, तर सगळी एकाच कोनात तिरकी झाली. साहेबांनी कपाळावर हात मारला. चिरंजीव खो खो हसत सुटले.

"हे नाही जमायचं," काका म्हणाले. हात मेला वाकडा चालायलाच तयार नव्हता.

"डाव्या हाताने लिहा," चिरंजीव म्हणाले. वर्षभरात त्यांना सुचलेली ही पहिलीच कल्पना.

साहेबांनी पाचवी प्रत पुढे सरकवली. काकांनी पेन डाव्या हातात घेतलं. नाव लिहिलं. ते ओळ सोडून खाली घसरलं. 'व्यवसाय' या रकान्यात 'स्वयंपाकी' लिहिलं. वेलांटी फाटली, अनुस्वार भलत्याच अक्षरावर गेला.

"वा! आता कसं!" साहेब खूष झाले. "आता इथे सही."

काकांनी सवयीने पेन उजव्या हातात घेतलं.

"अंहं, काका. सहीपण डाव्यानेच. आणि आता यापुढे सगळीकडे अशीच करायची हं, पासपोर्टवरसुद्धा. नाहीतर जुळायची नाही."

काकांनी पेन पुन्हा डाव्या हातात घेतलं. सही करताना कागद सरकायला लागला, म्हणून त्यांनी उजवा हात त्याच्यावर दाबून धरला. एकतीस वर्षं हे काम डावा हात करत आला होता.