मिसिंग

आमच्या आप्पांनी बनशंकरीच्या गॅरेजात चाळीस वर्षं गाड्यांचं मिसिंग, म्हणजे इंजिनाचा चुकणारा ठोका, काढलं. आता गिऱ्हाइकं ते मुद्दाम घालून मागतात. उभी टर्बो गाडी अडखळत धडधडली की त्यांना ऐट वाटते.

होसकोट्याच्या गिऱ्हाइकाची गाडी मी दुपारी लॅपटॉप जोडून तशी बिघडवली आणि चालूच ठेवली. दोन ठोके, तिसरा चुकलेला, मग एक दांडगा.

"संतोष, आधी इकडे ये रे!" मागच्या खोलीतून आईने हाक मारली.

आप्पा जेवून आडवे झाले होते. ओठ पांढरे पडलेले. मी त्यांची नाडी धरली. दोन ठोके, तिसरा चुकलेला, मग एक दांडगा. बाहेरच्या इंजिनाच्या ठोक्याला ठोका.

मी धावत जाऊन इंजिन सुरळीत केलं.

"आता सरी, नीट चालली बघ नाडी," आई आतून म्हणाली.

मी लॅपटॉपवरचा हात काढला. इंजिन शांतपणे, एका लयीत चाललं होतं. मला त्याच्यापासून हलवेना.

तेवढ्यात होसकोट्याचं गिऱ्हाईक आलं. "साकू, साकू! पुरे झालं आज, अण्णा. उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?" असं हसत म्हणून त्याने खिडकीतून हात आत घातला, आणि मी "नको" म्हणेपर्यंत किल्ली फिरवली.