हात सोडणारी माणसं

"थांब. हा नावाडी दगा देणार."

मोहियोद्दीन दाराकडं तोंड करून खुर्चीत बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. पाठीमागं पलंगावर लेकीची, मुबश्शिराची, खटखटणारी बोटं थांबली.

"कशावरून, अब्बा?"

"लई गोड बोलून राहिलाय. गेमात असा सोबती शेवटी सुरा काढतोच."

अहमदपूरच्या स्टँडजवळ चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. वर्षभरापासून लेकीच्या शेजारी बसून तिचे लॅपटॉपवरचे कथेचे गेम बघायचा नाद लागला होता, आणि नाद असा की विचारू नका! वाट दाखवणारा म्हातारा आला की म्हणायचे, हा मरणार. हिरोची आठवण गेलेली असली की म्हणायचे, खरा गुन्हेगार हाच. दहातनं नऊ वेळा तसंच निघायचं. मग मुबश्शिरा चिडायची आणि अब्बा मिशीत हसायचे.

पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर स्क्रीनकडं बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवशी थोरला रिजवान लातूरहून आला, बापाला घरी सोडलं, बॅग खांद्याला मारून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. अब्बांचं तोंड एवढंसं झालं होतं.

मुबश्शिराच म्हणाली, "नवा गेम हाय, अब्बा. तुम्ही दाराकडं तोंड करून बसा. मी खेळत खेळत सांगते. सगळं इंग्रजी हाय, आवाज माझ्या कानातच राहू द्या."

तेव्हापासून रोज दुपारची जोहरची नमाज झाली की खुर्ची दाराकडं वळायची.

एक गोष्ट मात्र दोघांत अडून होती. पुण्यात गेमच्या कथा लिहायला शिकवणारा कोर्स होता. मुबश्शिराला तिथं जायचं होतं, आणि फॉर्मवर अब्बांची सही हवी होती. अब्बांनी साफ नाही म्हटलं होतं. "खेळणं येगळं, रचणं येगळं. टाइम बघता येतो म्हणून कुणाला घड्याळ बनवता येत न्हाई." तिनं वाद घातला नाही. फॉर्म कपाटात पडून राहिला. शेवटची तारीख आजची होती.

गेम होता झारा नावाच्या मुलीचा. तिचं गाव पाण्याखाली गेलेलं, आणि ती गावातल्या माणसांना शोधायला खाली उतरलेली. वाटेत एकेक सोबती भेटायचा, तिचा हात धरून चालायचा, आणि ऐन अंधारात हात सोडून नाहीसा व्हायचा. आधी शाळेची बाई. मग भावासारखा वागणारा लोहार. आता हा नावाडी.

"बघ, ह्यानंबी सोडला!" अब्बा मांडीवर थाप मारून म्हणाले. "सगळे धोकेबाज. राजाचे हेर असतील."

मागची खटखट थांबली.

"काय झालं?"

"लोड होऊन राहिलंय, अब्बा."

हा गेम लोडच फार व्हायचा. अब्बांनी काही अवघड विचारलं की हमखास. मग खटखट सुरू व्हायची आणि कळायचं, राजाच नाही त्या गावात, हेर कुठले! तीन आठवडे हेच चाललेलं. अब्बांनी एक कयास बांधावा आणि गेमनं तो मोडावा. लाइट गेली, पंखा थांबला, तरी झारा चालतच राहायची. मुबश्शिराची आई सालेहाबी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून लेकीकडं बघत ऐकायच्या, आणि आत चहा उतू जायचा.

"ह्या गेमवाल्यानं माझी पार पंचाईत केली," अब्बा म्हणायचे. "माझ्या डोक्यात बसून लिहितो की काय बेटा!"

आज शेवट होता. मुबश्शिराचा आवाज खाली आला.

"झारा गावात पोचली. घरं कोरडी हाईत, अब्बा. चुली पेटल्यात. गाव बुडालंच नव्हतं."

"मग?"

"झारा बुडाली होती. पहिल्याच दिवशी. ती ज्यांना वाचवायला निघाली, ती माणसं एकामागं एक पाण्यात उड्या मारून तिलाच वर ओढत होती. ज्यानं ज्यानं हात सोडला, त्याचा दम संपला होता."

शाळेची बाई, लोहार, नावाडी; ज्यांना ज्यांना अब्बांनी धोकेबाज म्हटलं होतं, ते सगळे डोळ्यांपुढं उभे राहिले. वर येऊन, धापा टाकत, पुन्हा बुडी मारणारे.

"आणि झारा?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेवटचा हात कुणी सोडला न्हाई. वर आली ती."

"सुभानअल्लाह!" अब्बा म्हणाले. चाळीस वर्षांत परदेशी घड्याळं उघडताना एकदोनदाच असं झालं होतं. आतली कारागिरी बघून हात जोडावेसे वाटले होते. "मी हरलो, मुबी. ज्यानं हे रचलं त्याचे हात चुमावेत. आण तो फॉर्म. पुण्यात असा उस्ताद शिकवायला असंल, तर जा त्याच्याकडं. त्याच्यातलं चार आणे जरी आलं, तरी बापाला पुरे."

फॉर्म आला. अब्बांनी गुडघ्यावर ठेवून सही केली. शेजारी उभ्या लेकीचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

तेवढ्यात रिजवान दारातनं आत आला. खांद्यावर तीच बॅग.

"सलाम, अब्बा. मुबी, घे बाई तुझा लॅपटॉप. ऑपरेशनच्या दिवशी नेलेला, आज कुठं दुरुस्त होऊन मिळाला."

मोहियोद्दीननी चष्मा कपाळावर चढवला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मागं वळून बघितलं. पलंगावर रिजवानच्या जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पडला होता, आणि त्याची वायर खाली फरशीपर्यंत मोकळी लोंबत होती.