सुटलेली होडी

बेटावर पूल झाला आणि फुलवंतीचं माहेर आखडलं.

पूर्वी कसं छान होतं! सांजवेळी आई फुलवंतीच्या सासूबाईंना फोन करायची, "विहीणबाई, शेवटची होडी सुटली हो! पोरीला उद्या पाठवते." होडी कधीकधी धक्क्यावरच डुलत असायची, पण ती खाडीपलीकडून सासूबाईंना थोडीच दिसणार? तेवढ्यावर माहेरची एक रात्र पदरात पडायची.

आता पुलावरून रिक्षा थेट अंगणात येते. "संध्याकाळच्या भाकऱ्या थापायला परत ये," असं बजावूनच सासूबाईंनी तिला धाडलं होतं. आणि इकडे आईने खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण आत्ता कुठे चुलीवर ठेवलं होतं.

इतक्यात आईचा फोन वाजला. "निघाली का आमची सून?" सासूबाईंनी विचारलं. फुलवंती चपला शोधू लागली. आईच्या तोंडून मात्र सवयीने निघून गेलं, "विहीणबाई, शेवटचा पूल सुटला हो!"

बोलून तिने जीभ चावली. फुलवंतीने डोळेच मिटून घेतले.

पलीकडचं हसू अंगणापर्यंत ऐकू आलं. "बरं बरं," सासूबाई म्हणाल्या, "थोड्या तिसऱ्या बांधून द्या, आणि पोरीला उद्याच्या पहिल्या पुलाने पाठवा."