टोकापर्यंत

बॅग हलकी वाजली.

बॅगवाल्याचा हात तिथंच थांबला. दातात धरलेला स्क्रू त्यानं काढला आणि कान रस्त्याकडे लावला. नवीन चाक बसवलं की बॅगेत चार विटा भरायच्या, रस्त्याच्या टोकापर्यंत ओढत न्यायची, परत आणायची, मगच गिऱ्हाइकाला द्यायची, हा त्याचा नेम. न्यायचं काम बायकोचं. विटांची बॅग कशी घोरत जाते, जाड्या माणसासारखी. ही नुसती टकटक करत गेली.

त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. गोणपाटात गुंडाळलेल्या चारही विटा जागेवर होत्या.

दुकानामागंच त्यांची खोली. तो आत गेला. खुंटीवर तिचा स्वेटर नव्हता.

सकाळीच तिच्या आईचा फोन आला होता. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. "एकदा तोंड दाखवून जा गं," एवढंच म्हणाली. "येते गं आई, जरा पैसे साठू देत," असं म्हणून हिनं फोन ठेवला आणि सरळ स्क्रू निवडायला बसली. शेवटी त्यानंच विषय काढला.

"जाऊन येतेस का?"

तर अंगावरच आली. "आणि हिच्या कानाचं काय? डॉक्टर काय बोलले विसरलात? मशीन आता लागलं तर लागलं, नाहीतर पुढं बोलायचीच नाही ती. साठवायचं म्हणजे साठवायचं, अहो. आई घेईल समजून." मग स्क्रूंकडे बघत हळूच म्हणाली, "आई आहे ती."

हिच्या म्हणजे चिमणीच्या. त्यांची पोरगी. दुकानासमोर गटारावर लोखंडी पत्रा टाकलाय, त्यावर ती दिवसभर बसते. ऐकू काही येत नाही. पण कुणी बॅग ओढत आलं की पत्रा थरथरतो, तिच्या बुडाला गुदगुल्या होतात आणि ती खिदळते.

फळीवर मशीनचा डबा होता. पैशांचा डबा, पण घरात त्याला मशीनचा डबाच म्हणायचे. बॅगवाल्यानं हात वर नेला. उघडून बघावं? त्याची त्यालाच लाज वाटली. हात खाली घेतला आणि दारात आला.

टोकाला लांबची बस उभी होती. तिच्या आईच्या गावावरून जाते ती. क्लीनर पोरगा दारात लटकून गावांची नावं ओरडत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण काय म्हणून मारायची? जाऊ नको म्हणावं तर कुठल्या तोंडानं? जा म्हणावं, तर पायाशी चिमणी बसलेली. शिवाय बॅग दुसऱ्याची. गिऱ्हाईक आलं तर त्याला काय, विटा देऊ? दुसऱ्यांच्या बॅगा दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि बायकोला स्वतःची एक बॅग नाही.

तेवढ्यात एक ट्रक मध्येच आडवा लागला, मेला. बस दिसेना, ती दिसेना. ट्रकवाला मागंपुढं करतोय, हॉर्न मारतोय. चाकाचा आवाज काही त्यातून ऐकू येईना. बॅगवाला आत येऊन रस्त्याला पाठ करून बसला. हातात स्क्रू तसाच.

मागं चिमणी खिदळली.

त्यानं वळून बघितलं नाही. बायको आत आली, बॅग उभी केली.

"चाक बरं चाललंय," ती म्हणाली.

"टोकापर्यंत नेलीस?"

"टोकापर्यंतच."

तिची नजर टेबलाखालच्या विटांवर गेली. त्याचीही गेली. ती बॅग घेऊन मागं गेली. चेन उघडल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा बॅग रिकामी होती आणि खुंटीवर स्वेटर टांगलेला होता, एक बाही उलटीच राहिलेली.

गिऱ्हाईक आलं ते तोफेतून सुटल्यासारखं. "झाली का हो? बस सुटेल माझी!" हातातल्या पिशवीतलं सामान त्यानं तिथंच बॅगेत कोंबलं, हँडल दोनदा खेचून बघितलं. "वाटेत निखळणार नाही ना?"

बॅगवाला बोलायच्या आत बायको बोलली. "बसपर्यंत जाते. मी नेऊन बघितलीय. पुढचं मला माहीत नाही."

गिऱ्हाईक हसलं. पैसे टेकवून पळालं. पत्रा थरथरला, चिमणी खिदळली. थोड्या वेळानं टोकाला बसचा हॉर्न वाजला आणि मग रस्ता एकदम रिकामा झाला.

ऊन उतरल्यावर बायको चिमणीला मांडीत घेऊन दारात बसली. पोरीची वेणी सोडली. उठून फळीवर चाचपलं, खिडकीत चाचपलं, स्वेटरचे खिसे बघितले. मग तिचा हात थांबला.

"काय शोधतेस?"

"कंगवा."

"आत्ता तर होता."

"बाजूच्या कप्प्यात राहिला."

त्यानं पावतीपुस्तक पुढं ओढलं. "पावतीवर नंबर आहे गिऱ्हाइकाचा. फोन करू? परत येताना देईल."

"नको." ती बोटांनीच चिमणीच्या केसातला गुंता सोडवायला लागली. टोकाकडं बघत नव्हती. "तेवढा तरी जाऊ दे."