निवारा-कक्षाचे दार

बारा मार्च, सकाळी सव्वादहा. प्रशिक्षणाच्या खोलीत दोन खाणकामगार आभासी खाण दाखवणारे चष्मे चढवून उभे होते : सासरे आणि त्यांचा जावई.

"जावईबापू, पाय लटपटले तर माझा पट्टा धरा," सासरे हसत म्हणाले.

चष्म्यातल्या बोगद्यात आग भडकली. धुरातून धडपडत सासरे निवारा-कक्षात शिरले आणि त्यांनी दार आतून लावून घेतले.

"मामा, दार उघडा! मी मागंच आहे!"

दार उघडले नाही. सराव संपला.

सासऱ्यांनी चष्मा काढून घाम पुसला. "काय हे यंत्र, साहेब! यात दुसऱ्याची हाकच ऐकू येत नाही. नाहीतर मी दार लावलं असतं का?"

"चष्म्यातून हाक येतच नाही, काका," प्रशिक्षक सहजपणे म्हणाला. "तशी सोयच लागत नाही. दोघं एकाच खोलीत असता, हातभर अंतरावर. हाक सरळ कानावर पडते."

सासऱ्यांना मान वर करवेना. जावई बराच वेळ आपल्या चष्म्याचा पट्टा गुंडाळत राहिला.

"घरी नाही सांगणार, मामा," तो हळूच म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर निकाल उमटला : खाणीत उतरलेले दोन, वाचलेला एक.